मोहाखालची राखण

चंद्रपूर
४ नोव्हेंबर २०२४

बाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. मी धाकटी बहीण असून पाटीवर तुला शिकवायची तेव्हा जोडाक्षर आलं की तू अडायचीस, आणि “हे दोघं एकमेकाच्या डोक्यावर काऊन बसले?” म्हणून माझ्यावरच चिडायचीस. शक्य तिथे मी ती टाळते आहे. सगळी टळत नाहीत. पाकिटावर तुझंच नाव लिहायचं, त्याला काय करू?

माय सांगत होती, तू तिला विचारलंस, “रंजी तिथी दिवसभर करते काय?” मला विचारलं नाहीस, पण विचारलंस तर खरं. म्हणून सांगते.

आमच्या प्रयोगशाळेच्या खोलीत तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटल्या आहेत. त्यांत माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवतो. पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान जिवंत तुकडा, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. आपण श्वास घेतो, खाल्लेलं अन्न अंगात जळतं, त्यात ऑक्सिजनचे काही तिखट तुकडे तयार होतात. ते पेशीला इजा करतात. पेशीजवळ त्यावर इलाज असतो. राखणीची काही जनुकं तिच्यात असतात, पण एरवी ती निजलेली असतात. त्यांना जागं करणारं एक प्रथिन आहे. त्याचं इंग्रजी नाव सांगून तुला त्रास देत नाही, आपण त्याला उठवणारा म्हणू.

आता गंमत ऐक. पेशीत दुसरं एक प्रथिन आहे, धरणारा. तो उठवणाऱ्याला धरतो आणि मोडायला पाठवतो. पेशी नवा उठवणारा बनवते. हा त्यालाही धरतो. पंधरा-वीस मिनिटांत एक बनला, एक मोडला, असं दिवसभर, जन्मभर चालू. मायला हे सांगितलं तर म्हणाली, “कामधंदा नाई काय त्याइले?” पण त्यातच शहाणपण आहे. संकट आल्यावर बनवायला घेतलं तर उशीर होईल. तिखट तुकडे आले की ते धरणाऱ्याच्या अंगातल्या गंधकाला चिकटतात, त्याची पकड बिघडते, मोडणं थांबतं. नवे बनलेले उठवणारे साठत जातात, पेशीच्या मधल्या केंद्रात शिरतात, आणि राखणीची जनुकं जागी होतात.

ती जागी झाली हे कळावं म्हणून या पेशींत काजव्याचं एक जनुक घातलेलं आहे. राखण जागी झाली की ताटलीत काजव्याचा उजेड पडतो. तो फार मंद असतो, मशीन मोजतं.

मे महिन्यात मायनं सुकवलेली मोहफुलं दिली होती. त्यांचा अर्क मी पेशींवर टाकला, आणि उजेड सहापट झाला, बाई. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच. त्यांनी शोधनिबंध लिहून ठेवला आहे, डिसेंबरअखेर पाठवायचा. माझी पीएच.डी. त्याच्यावरच उभी आहे.

सगळं छान चाललं आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझी
रंजी

चंद्रपूर
१९ नोव्हेंबर २०२४

बाई,

नथ्थूभाऊ पोस्टमननं मायला सांगितलं, की तू पत्र घेतलंस आणि फाडलं नाहीस. मला तेवढं पुरे आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, सगळं छान चाललं आहे. ते लिहीत होते तेव्हा मला माहीत होतं की तसं नाही. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून खोडते आहे.

पहिली फुलं ऑक्टोबरात संपली. दसऱ्याला घरी आले तेव्हा मायच्या कणगीतून दुसरी आणली. तेच घर, तोच हंगाम. अर्क काढायची रीत तीच. पेशींवर टाकला, आणि काही नाही. काहीच न टाकलेली ताटली आणि मोहाची ताटली, दोन्ही सारख्याच अंधाऱ्या. मला वाटलं माझा हात चुकला. पुन्हा केलं. मशीन बिघडलं म्हणावं, तर दुसऱ्या मुलीच्या ताटल्या नीट उजळत होत्या. चार वेळा केलं.

आज तीन आठवडे झाले, मी मॅडमना सांगितलेलं नाही. त्या विचारतात, “झालं का पुन्हा करून?” मी म्हणते, “चालू आहे.” खोटं नाही ते. चालूच आहे.

मध्येच मायचा फोन आला. गावात ती सांगत फिरते, माह्या पोरीनं मोहातून औषध काढलं. मी असं कधी म्हटलं नव्हतं. आता झिंगूआजा रोज सकाळी मूठभर मोह भिजवून ते पाणी पितो आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या त्यानं बंद केल्या. म्हणे, “रंजीनं तपासला, मोह पास झाला.” बाई, मोहात निव्वळ साखर असते. मी लगेच त्याला फोनवर बोलावलं आणि रागावून सांगितलं, आजा, गोळ्या सुरू कर. तो म्हणाला, “गोळ्या घेतो, पर मोह नाई सोडनार. तूच पास केला ना?”

उद्या मॅडमना सांगते. हे तुला लिहिलं, म्हणजे आता सांगावंच लागेल.

रंजी

चंद्रपूर
२ डिसेंबर २०२४

बाई,

सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी निबंध बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, “दोन्ही फुलं कोणी वेचली? कशी वेचली? रजिस्टर दाखव.”

रजिस्टरात मी खोलीचं तापमान लिहिते. बाटली कोणत्या वारी फोडली ते लिहिते. फुलांपुढे काय लिहिलं होतं, माहीत आहे? ‘घरची.’ बस, एवढंच. मॅडम पुण्याच्या, त्यांनी मोह कधी वेचला नाही, त्यांना वाटलं मी विचारलं असेल. आणि मला वाटलं, मोह कसा वेचतात हे काय लिहायचं? आपल्याकडे जन्मलेल्याला ते विचारावं लागतं का? पहाटे जायचं, टोपली भरायची, अंगणात सुकवायचं.

शनिवारी घरी गेले. मायला विचारलं, “दोन्ही वेळचं तूच वेचलं ना?” ती चुलीत काडी सारत बसली. मग म्हणाली, “दुसरं माहं. पहिलं ज्योत्स्नाचं.”

तू दिलीस. एप्रिलात स्वतः टोपली घेऊन आलीस आणि मायला सांगितलंस, “तिले लागत असन तं दे. पर माहं नाव नोको सांगू.” मायनं सात महिने नाव सांगितलं नाही. एसटीत खिडकीशी बसून रडले, मग चंद्रपूर आल्यावर तोंड धुतलं.

आता मला तुला एक विचारायचं आहे. ते विचारायची लाज वाटते, कारण हाच प्रश्न एकदा दुसऱ्यानं मला विचारला होता, आणि मी उत्तर दिलं होतं, आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

तुझ्या मोहाखाली आग लावली होती का?

पडलेली फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळला असेल, तर फुलं राखेवर पडली असणार. मोहाचं फूल चिकट, काजळी त्याला धरते. आणि धुरात, काजळीत असे पदार्थ असतात जे पेशीतल्या धरणाऱ्याच्या गंधकाला नेमके चिकटतात. म्हणजे ज्यानं पेशी उजळल्या तो मोह नसेल, काजळी असेल. माय तर त्या सालानंतर आग लावत नाही, झाडूनच वेचते. म्हणून तिची फुलं अंधारी. हा माझा अंदाज आहे. अंदाजावर निबंध थांबवता येतो, पुढे नेता येत नाही. तू सांगितल्याशिवाय मला कळणार नाही.

हे उत्तर माझ्या रजिस्टराशिवाय कुठेही जाणार नाही.

रंजी

चंद्रपूर
२८ डिसेंबर २०२४

बाई,

उत्तर नाही. बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं. आग लावली असं एकदा रंजीसमोर निघालं की काय होतं, हे तू पाहिलं आहेस.

दोन वर्षं नऊ महिने मी स्वतःला एकच सांगत आले, की मी खोटं बोलले नाही. वनखात्याच्या गार्डसाहेबांनी बांधावर उभं राहून विचारलं, “कोनी लावली?” आणि मी म्हणाले, “माझ्या बहिणीनं.” खरंच तर होतं. काडी तू ओढली होतीस. आग बांध ओलांडून पलीकडच्या रोपवनात गेली होती, लहान सागाची रोपं काळी झाली होती, आणि साहेब समोर उभे होते. मला खोटं बोलता येत नाही, असं सगळे म्हणतात. मलाही ते ऐकायला आवडतं.

पण त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. राखण कोण करत होतं?

तू काडी लावून, कडेनं झाडून, आग झोडपायला मला हिरवी फांदी देऊन गेली होतीस. “विझेस्तवर इथून हलू नको. वारा सुटला तं मले हाक मार.” माझ्याजवळ प्रवेशपरीक्षेचं पुस्तक होतं. ऊन आलं, मी पळसाच्या सावलीत सरकले. एक प्रश्न सुटत नव्हता. तो सुटेपर्यंत मी मान वर केली नाही. वारा सुटलेला मला कळला होता, बाई. पानांचा आवाज आला होता. मला वाटलं, हा एवढा प्रश्न सोडवून उठू.

भाऊजी तेव्हा वनखात्यात उन्हाळ्याचे आग-राखणदार होते. ज्याच्या बायकोनं आग लावली त्याला राखणीवर कसं ठेवणार? त्यांचं काम गेलं. तू दिवसभर वनखात्याच्या नाक्यावर चौकशीला बसलीस आणि तिथेही माझं नाव घेतलं नाहीस. मी ती परीक्षा पास झाले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. काल नाक्यावर जाऊन लेखी दिलं. आता लच्छू नावाचे नवे गार्ड आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्याडम, हे आता मी कोनत्या फायलीत लावू?” मी म्हटलं, कोणत्याही लावा, पण लावा. त्यांनी चहा पाजला.

तुझ्या उत्तरासाठी म्हणून हे लिहिलेलं नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीही आहे. पण फक्त त्यासाठी नाही.

रंजी

चंद्रपूर
१६ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर मी शेवटचं कधी पाहिलं होतं? पाटीवर, बहुतेक. कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. चार ओळी आहेत, तरी मी त्या इथे पुन्हा उतरवते, मला लिहायला बरं वाटतं:

‘आग लावली होती. दरसाल लावतो. तू राखन सोडून बसली होती ते मले तवाच मालूम होतं, पळसाखाली पुस्तक पडलं होतं, मीच उचलून आनलं. तू कवा सांगते तेच पाहून राह्यली होती. मोह पडन तवा ये. यंदा अर्ध्या बुडाखाली जाळू, अर्ध्याखाली झाडू. तीन झाडं घेऊ, एका झाडावर कोन भरोसा ठेवते? राखन तुलेच कराची हाये.’

‘ज्योत्स्ना’ सही नीट आली आहे. त, स, न, तिन्ही अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसली आहेत.

मी हे पत्र मॅडमना वाचून दाखवलं. राखणीचा भाग गाळला होता, मग तोही वाचला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या बहिणीला विचार, आमच्याकडे येते का.” एकाच झाडाची अर्धी बाजू जाळायची आणि अर्धी झाडायची, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. झाड तेच, माती तीच, दिवस तोच, फरक फक्त आगीचा. मी महिनाभर चांगली तुलना कशी करावी याची पुस्तकं वाचत होते.

माझी एकच विनंती. सहा पुरचुंड्या बांधशील तेव्हा प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांध, आणि कोणता दोरा कोणत्या बाजूचा हे मला सांगू नकोस. कागदावर लिहून तुझ्या डब्यात ठेव. मला आधी कळलं तर माझा हात मला हवं तिकडे झुकेल. माझा स्वतःवर तेवढा विश्वास नाही, आणि मॅडम म्हणतात नसावाच.

येते.

रंजी

चंद्रपूर
२१ एप्रिल २०२५

बाई,

आधी त्या दिवसाचं लिहिते, मग निकालाचं. निकाल आधी लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस.

मी पहाटेच्या गाडीनं आले तेव्हा तू झाडाखाली पाला ओढत होतीस. मला वाटलं बोलशील. तू भाऊजींना म्हणालीस, “सांगा तिले, चप्पल काढून ठेव म्हना, राखेत वितळन.” मी त्यांना म्हटलं, “सांगा बाईला, बूट आणले आहेत.” भाऊजी आपल्या दोघींच्या मध्ये उभे. शेवटी म्हणाले, “माहं किरानाचं दुकान बंद करून आलो मी इथी, टेलिफोन बनाले नाई.” तरी तू थेट बोलली नाहीसच. भाकर मला भाऊजींकडूनच मिळाली, पण तिच्यावर मिरचीचा ठेचा दोन बोटं जास्त होता. ते कुणी घातलं, मला कळलं.

वारा नव्हता. तू बुडाभोवती हातभर रुंद पट्टी झाडलीस, बांधाकडे दोन हात. मग अर्ध्या बाजूला काडी लावलीस आणि हिरवी फांदी माझ्या हातात दिलीस. पिशवी मी घरी ठेवून आले होते, पुस्तक एकही नव्हतं. तीन झाडं, एकामागून एक. प्रत्येक वेळी शेवटची ठिणगी विझून राखेवर हात ठेवता येईपर्यंत मी उभी राहिले. डोळे चुरचुरत होते, पायाला गोळे आले होते, आणि मी इतकी सुखात होते की मला त्याचीच भीती वाटली. तिसऱ्या झाडाखाली हात टेकला तेव्हा तू मागे उभी होतीस. किती वेळ, माहीत नाही. तू पाण्याचा गडवा खाली ठेवलास आणि गेलीस.

पुढचे आठ दिवस पहाटे तुम्ही दोघांनी वेचलं आणि वेगवेगळं सुकवलं. भाऊजी पुरचुंड्या घेऊन आले तेव्हा मी त्यांना नाक्यावरच्या कागदाबद्दल विचारलं. म्हणाले, लच्छूभाऊनं बोलावलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात राखणीवर याल का विचारलं. “मंग काय म्हणालात?” “म्हनलं, दुकान सांभाळाले बायको तयार असन तं पाहू.”

आता निकाल.

सहा अर्क काढले. प्रत्येक अर्काच्या तीन ताटल्या, आणि सगळं पुन्हा तीन वेगळ्या दिवशी. मशीननं आकडे दिले तेव्हा मी मॅडमना हाक मारली आणि दोघी मिळून पाहिलं. लाल, पिवळा आणि काळा उजळले. चारपट, पाचपट, सहापट. पांढरा, हिरवा आणि निळा अंधारे, काहीच न टाकलेल्या ताटलीसारखे. मधलं काही नाही. लाल, पिवळा आणि काळा या दोऱ्यांची फुलं जळक्या बाजूची, असं मी रजिस्टरात शाईनं लिहिलं आहे, खाली मॅडमची सही आहे. डबा उघड आणि तुझ्या कागदाशी ताडून बघ.

दोरे जुळले, तर पेशींना जागं करणारा मोह नव्हता. मोहाला श्रेय देणारा निबंध मॅडमनी फाडला आहे. नवा लिहायला घेतला आहे: जंगलातून वेचलेल्या वस्तू तपासताना त्या कशा वेचल्या हे विचारलं नाही, तर धुराचं श्रेय फुलाला जातं. लहान निबंध आहे. त्यातून औषध निघणार नाही, आणि धूर चांगला असंही कुणी समजू नये. पेशी त्याच्यापासून स्वतःला वाचवायला जागी होते, त्याच्यावर खूश होऊन नाही. झिंगूआजाला हे नीट समजावून सांग. मी सांगितलं तर तो म्हणतो, “म्हंजे जळका मोह पास झाला.” पीएच.डी.ला सहा महिने जास्त लागतील. मला चालेल. मला पहिल्यांदाच रात्री नीट झोप लागते आहे.

निबंधात लेखकांची नावं येतात. मी मॅडमना विचारलं, आणि त्या म्हणाल्या, त्यात विचारायचं काय. तीन नावं असतील. तुझं मधलं. संपादक बाहेरगावचे आहेत, ‘ज्योत्स्ना’ वाचताना अडतील. अडू देत.

पण दोरे तू ताडल्याशिवाय यातलं काहीच खरं नाही. कागद तुझ्याच डब्यात आहे, दुसऱ्या कुणाजवळ नाही. पत्र गुरुवारी पोचेल, मी नथ्थूभाऊला विचारलं. जुळलं असेल किंवा चुकलं असेल, सांगायला पत्र लिहू नकोस, फार दिवस लागतात. आमच्या पेशींच्या खोलीत फोन न्यायला मनाई आहे, आणि आजवर मी एकदाही नेलेला नाही. या गुरुवारी खिशात ठेवला तर चालेल का, असं मॅडमना विचारलं. चालेल म्हणाल्या.

रंजी